वरीलप्रमाणे

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात एक शिकाऊ पोरगी आली, सगळे तिला 'नवी'च म्हणू लागले. ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आबा, तिला शिकवा, पण नजरही ठेवा. रजिस्टरात शेरा आहे. महिना भरला की कायम करायचं की नाही, ते तुमच्या सांगण्यावर."

शेरा काय, ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षं शिकाऊ पोरापोरींना जुजबंदी शिकवली, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकीवर एक ठेवून दोऱ्याने शिवायच्या. नजर ठेवायचं काम मात्र पहिल्यांदाच मिळालं आणि खरं सांगायचं तर ते आवडलं.

नजर ठेवली की दिसायला लागतंच. नवी आपली पिशवी खुंटीला लावत नसे, पायांत धरून बसे. घड्या दोनदा मोजे. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात एकटीच ओठ हलवत बसे.

"कुठेतरी पाणी मुरतंय," डिंक लावणाऱ्या ताई म्हणाल्या. "हसते तीसुद्धा दात मोजून."

"हळू बोला, ऐकेल," मी म्हटलं.

"ऐकू दे की. चोराच्या मनात चांदणं."

चोरी कसली, ते कुणी विचारलं नाही. काहीच हरवलं नव्हतं. एकदा घड्यांना भोकं पाडायचा टोचा सापडेना, तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्या पिशवीकडे पाहिलं. टोचा निघाला ताईंच्याच खिशात. "तिनेच टाकला असेल," ताई म्हणाल्या, आणि मला ते पटलं. दर शनिवारी मी साहेबांना सगळं सांगत होतो.

महिना भरायला दोन दिवस होते. रजेचं सांगायला मी कारकुनाकडे गेलो, तर भरतीचं रजिस्टर उघडंच होतं. नवीच्या वरच्या ओळीत, काढून टाकलेल्या एका बाइंडरपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वागणूक संशयास्पद'. त्याखाली, नवीच्या ओळीत, 'वरीलप्रमाणे'. शेजारचा विभागाचा रकाना कोरा होता.

"हिच्याबद्दल हे कुणी सांगितलं?"

कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. "कुणी नाही. मी विभाग भरत होतो. बाइंडिंग, वरीलप्रमाणे. एका रकान्याने चुकलं वाटतं."

मी रजिस्टर केबिनमध्ये नेलं. साहेबांनी शेरा तिथल्या तिथे खोडला. "पण आबा, पिशवी, मोजणं, जिन्यातलं पुटपुटणं, हे कुठे रजिस्टरात होतं? ते तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. पण त्यात वावगं काय होतं?"

"हे महिनाभर सुचलं नाही?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आणि आजच तिची बाजू का घ्यावीशी वाटली?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडखळलो. ते अडखळणंही त्यांनी टिपलं. "आणखी एक महिना बघू," ते म्हणाले.

मी नवीला सगळं सांगितलं. शेरा, शनिवार, काही लपवून ठेवलं नाही. ती सुईत दोरा ओवत होती.

"जिन्यात काय पुटपुटतेस गं?"

"तुम्ही सांगितलेला टाक्यांचा क्रम. विसरायला होतं मला." मग तिने सुई खाली ठेवली. "म्हणजे आबा, तुम्ही मला शिकवत होतात, तेव्हा माझ्यावर पाळतही ठेवत होतात."

"दोन्ही करत होतो, पोरी."

तिने मान हलवली. स्टूल उचललं, भिंतीला पाठ लागेल असं ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून शिवायला बसली. दर टाक्याला एकदा वर बघत होती.