सभापतींच्या पायाखालून

मी सभापतींच्या पायाखालून बोलतोय. दचकू नका. आमच्या राजधानीत, गाबोरोनेच्या संसदेत, त्या उंच खुर्चीपुढे पाय टेकायला एक बुटका लाकडी पाट असतो, तोच मी. तुमचं लक्ष गेलं नसेल. सगळे खुर्चीलाच मुजरा करतात, आणि तिचा तोरा तर काय विचारता! पण खुर्चीला सभापतींची पाठ तेवढी ठाऊक. पाय मला ठाऊक.

माझे पहिले सभापती धिप्पाड, पण गुडघा दुखरा. त्यांच्यासाठीच सुताराने मला घडवलं. सदस्य फार कलकलाट करू लागले की ते टाच आपटायचे. सदस्य गप्प व्हायचे आणि खड्डा मला पडायचा. दुसऱ्यांना जेवणानंतर डुलकी यायची. वरून चेहरा गंभीर, पण अंगठा हलायचा थांबला की मी समजून जायचो. तिसऱ्यांचे बूट चावायचे, म्हणून ते चारलाच कामकाज तहकूब करत. वर्तमानपत्रांनी त्याला शिस्त म्हटलं. मी कशाला बोलू?

आमच्याकडे एक गमतीची रीत होती. निवडून आलेल्या सभापतीने ‘नको, नको’ म्हणायचं आणि दोन सदस्यांनी त्याला दंडाला धरून खुर्चीपर्यंत ओढत आणायचं. इंग्रज गेले, पण ही ओढाओढ ठेवून गेले. तिसऱ्यांनी तर घरी आरशासमोर तालीम केली होती. आयत्या वेळी मात्र इतकी घाई झाली, की ओढणारे उठायच्या आधीच स्वारी खुर्चीत!

मग आल्या म्मा सेथुन्या; आमच्याकडे मानाने बाईंना म्मा म्हणतात. कान्ये गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हाडापेराने एवढ्याशा. अकरा दिवस दोन्ही पक्षांचं एका नावावर जमत नव्हतं. जमलं ते त्यांच्या नावावर, कारण अर्धं सभागृह त्यांच्याच हाताखाली शिकलेलं. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. निवडीची बातमी ऐकून बाई तडक बसने आल्या, त्या नाही म्हणायलाच.

“नाही!” दारातूनच त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

“अरे, खरंच नाही! चाळीस वर्षं तुम्हालाच गप्प बसवलं. आता मला माझी शेळ्या-कलिंगडं बघू द्या!”

“वा! असा अभिनय कुणी केला नव्हता,” सत्ताधाऱ्यांचे जाडजूड मोदुकानेले म्हणाले आणि त्यांनी उजवा दंड धरला. विरोधकांचे गासेनेल्वे डावीकडून आले. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. बोटं सोडवावी लागली. बाही उसवली. सभागृह हसून हसून लोळत होतं. मला मात्र गालिच्यावर टाचा खरखरत येताना ऐकू येत होत्या. असले पाय मी कधी पाहिले नव्हते. बाई मनापासून नाही म्हणत होत्या हो!

खुर्चीत बसवल्यावर पाय वीतभर अधांतरी राहिले. मग चाचपडत माझ्यावर टेकले.

“बसा,” त्या म्हणाल्या. सगळे खाली बसले. सवयच होती.

“मी दोनदा नाही म्हटलं. कुणी ऐकलं? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मोदुकानेले चाचरत उभे राहिले. “म्मा, आम्हाला वाटलं, तुम्ही रीत पाळताय.”

“रीत? मग ही बाही कोण शिवणार, तू?”

“शिवतो, म्मा.”

“गाढवा, तुला बटण लावता येत नव्हतं! आता नीट ऐका. नाही. मी घरी चालले.”

टाचा उचलल्या गेल्या. तेवढ्यात गासेनेल्वे हळूच म्हणाले, “म्मा, सभापतींवाचून शाळेतल्या जेवणाचा ठराव अडकलाय. या सोमवारपासून पोरांची ज्वारीची पेज बंद होईल.”

“आणि अकरा दिवस तुम्ही काय करत होतात?”

टाचा बराच वेळ हवेतच होत्या. माझा जीव टांगणीला लागला. मग एक टेकली, मग दुसरी.

“चिटणीस, कामकाजात लिहा: सभापती नाही म्हणाल्या, आणि सभागृहाने ते ऐकलं. हे आधी. मग पेजेचा ठराव.”

चिटणिसांनी लिहून वाचून दाखवलं, तेव्हाच बाईंनी बूट काढले आणि अनवाणी पाय माझ्यावर ठेवले.

याला चार वर्षं झाली. पेज चालू आहे. दंडाला धरायची रीत बाईंनीच बंद केली. मी मात्र आता म्हातारा झालो. मागचा पाय खिळखिळा झालाय. मोदुकानेलेंनी परवा मखमली उशी आणली आणि म्हणाले, “म्मा, या पाटालाही आता विश्रांती द्यावी. त्याची काही हरकत नसेल.”

आहे! हरकत आहे! म्मा, तुम्ही तरी ऐका. मी नाही म्हणतोय.