भरल्या गाडीचे माप

मित्रांनो, मी एक जुना मडफ्लॅप आहे. जुना म्हणायचे ते आपले रीत म्हणून. खरे तर मी झिजलो नाही, विरलो नाही, माझ्या अंगावर कुठे साधी चीरही नाही. मला लवकर टाकून दिले, म्हणून मी जुना.

मडफ्लॅप म्हणजे गाडीच्या मागच्या चाकामागे लोंबणारा रबराचा जाड पडदा. मी रोज तुमच्या डोळ्यांसमोरून जात असेन, पण तुम्ही कधी माझ्याकडे निरखून पाहिले नसेल. नदीचे, झाडाचे, घड्याळाचे आत्मवृत्त तुम्ही कौतुकाने लिहिता. मडफ्लॅपला काय सांगायचे असणार, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मी सांगणार आहे, आणि गोड करून तर मुळीच सांगणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळ्या रबराचा गोळा तापलेल्या साच्यात घातला, वरून दाब दिला, आणि मी बाहेर आलो तो अंगावर उभ्या रेघा घेऊनच. त्या रेघा शोभेच्या नसतात. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल त्यांतून खाली ओघळावा यासाठी त्या असतात. माझ्याबरोबर माझा जोडीदारही निघाला, कारण आम्ही जोडीने विकले जातो, एक डावा आणि एक उजवा. आमचे काम एकच. चाक जे काही मागे फेकेल ते आपल्या अंगावर घ्यायचे आणि मागून येणाऱ्याला लागू द्यायचे नाही. या कामात शाबासकी मिळत नाही. जे लागलेच नाही त्याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार?

कारखान्यातून मी एका लहानशा दुकानात आलो. पुढे फळीवर दिवे, आरसे, वायपर मांडलेले आणि मागे खड्डा खणलेली फिटिंगची जागा. दुकान चालवणाऱ्या फिटरला सगळे काका म्हणत. त्यांनी आम्हाला भिंतीवरच्या आकड्याला अडकवले. आमच्या शेजारी प्लॅस्टिकचे चकचकीत फ्लॅप होते. त्यांतल्या एकावर डरकाळी फोडणारा सिंह छापलेला होता. तो इतका पातळ होता की दुकानातला पंखा सुरू झाला की सिंह थरथरायचा. तरी गिऱ्हाइके आधी त्याच्याकडेच जात. मला कोणी हात लावत नसे, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार राग यायचा.

एके दिवशी दोघे भाऊ आले. थोरल्याची पिकअप होती. तो दुकानांतून फरशीची खोकी भरून बांधकामांवर पोचवत असे. धाकटा फरशी बसवणारा कारागीर होता. एकाने माल न्यायचा, दुसऱ्याने तो बसवायचा, असे दोघांचे मिळून चालले होते. पिकअपचा डावा मडफ्लॅप बांधकामावर गाडी मागे घेताना चाकाखाली येऊन उपटला गेला होता आणि उजव्याच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणून नवी जोडी हवी होती.

थोरल्याला, म्हणजे धाकट्याच्या दादाला, अर्थातच सिंह आवडला. धाकट्याने मात्र मला आकड्यावरून काढले, घडी घालून दाबले, मोकळे सोडले, कडेवरून नख फिरवले आणि चक्क माझा वास घेतला. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी असे तपासले होते. मग तो म्हणाला, "दादा, हा घे. तुझा सिंह पहिल्याच खड्ड्यात शेपूट घालेल." काका हसले. दुकानातली दोन गिऱ्हाइकेही हसली. दादा हसला नाही. धाकट्या भावाने चार माणसांत आपली निवड हाणून पाडली, हे त्याला झोंबले होते. "घे तुला हवा तो," एवढेच तो म्हणाला आणि बाहेर पिकअपपाशी गेला.

मी जिंकलो म्हणून खूश होतो. मला काय ठाऊक, की त्या हशाची किंमत पुढे मोजली जाणार आहे.

पिकअप फरशीच्या खोक्यांनी गच्च भरलेली होती. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे वजनाने दबले होते आणि गाडी मागून बसली होती. काकांनी मला चाकामागे धरले तर माझे टोक जमिनीवर लोळू लागले. काका म्हणाले की गाडी रिकामी झाली की हा आपोआप वर उचलला जाईल, तेव्हा माल उतरवून या, मग माप घेऊ. तोवर लावायचाच असेल तर पूर्ण लांबीचा लावू आणि गाडी मागे घेताना वर अडकवायला साखळी देतो. धाकटाही म्हणाला, "दादा, आपण उद्या येऊ ना. माल टाकून येऊ."

दादाने आधी एकदा हार खाल्ली होती. आता तो माघार घेणार नव्हता. साखळ्या सोडत आणि बांधत बसायला आपल्याला वेळ नाही, आधीचा फ्लॅप लांब होता म्हणूनच चाकाखाली आला, असे त्याने सुनावले. मग जमिनीपासून चांगले वीतभर वर बोट टेकवून तो म्हणाला, "गाडी माझी आहे. इथे काप."

काकांनी खडूने रेघ मारली. सुरी पाण्यात बुडवली, कारण कोरडी सुरी रबरात अडकते, आणि मला कापले. जोडीदारालाही कापले. वर लोखंडी पट्टी ठेवून, भोके पाडून, वायसर घालून आम्हाला नट-बोल्टने आवळले. काकांचे काम नेहमी चोख असते. चुकीच्या मापावरही त्यांनी अगदी चोख काम केले.

त्या वेळी मी फार देखणा दिसत होतो. दादा दोन पावले मागे सरकून म्हणाला, "बघ छोट्या, कसा मापात बसलाय." छोट्याने मान डोलावली. पण बांधकामावर खोकी उतरली आणि पाटे मोकळे झाले, तशी गाडी मागून उठली आणि तिच्याबरोबर आम्हीही वर गेलो. आमच्याखाली एवढी मोकळी जागा राहिली की तिथून मांजर सुखाने निघून गेले असते. छोट्याने वाकून पाहिले आणि दादाला दाखवले. बघू पुढच्या वेळी, असे म्हणून दादाने विषय झटकला.

मित्रांनो, भरल्या गाडीमागे मी सगळे झेलत होतो. चिखल झेलला, डांबर झेलले, फुटलेल्या काचा झेलल्या. पण परतताना गाडी नेहमी रिकामी असायची आणि परतताना छोट्या नेहमी मागे असायचा. तो हत्यारे लादून मोटारसायकलवरून पिकअपच्या अगदी मागोमाग येई. लहानपणी शाळेत जातानाही तो दादाच्या पाठीमागूनच चालायचा म्हणे. दादा पुढे असला की त्याला रस्त्याकडे फारसे लक्ष द्यावे लागत नसे. हेल्मेटच्या काचेवर चरे पडून समोरचे धूसर दिसायचे, म्हणून तो ती काच वर ढकलून ठेवायचा.

एके दिवशी दुपारी रस्त्याचे काम चालू होते आणि वर खडी सांडलेली होती. एक टोकदार खडा टायरच्या खाचेत अडकला. चाकाबरोबर तो फिरत होता आणि प्रत्येक फेरीला मला दिसत होता. मग दादाने वेग घेतला आणि खडा सुटला. मित्रांनो, जिथे मी असायला हवे होते तिथे नुसती हवा होती. खडा माझ्या खालून गेला. मागे मोटारसायकल आडवी पडल्याचा आवाज आला.

छोट्याचा उजवा डोळा गेला.

त्याला दवाखान्यातून सोडले त्या दिवशी पिकअप फाटकाबाहेर उभी होती. दोघांची आई आणि दादाची बायको आल्या होत्या. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या मुलाला आईने पिकअपच्या मागेच, माझ्यासमोरच, विचारले की हे झाले तरी कसे. दादा मान खाली घालून उभा होता. आईची छाती धडधडत असे, तिला धक्का सोसणार नव्हता. तेव्हा छोट्यानेच सांगून टाकले, "रबर कच्चं निघालं, आई. फाटलं होतं. दादा तरी काय करणार?"

मी फाटलो नव्हतो. तरी मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याने माझ्यावर आळ घेतला तो भावाला वाचवायला, आणि एका माणसाची लाज राखायला माझी बदनामी झाली तर होऊ दे, असे मला मनापासून वाटले. आता घरी गेल्यावर एकांतात दादा त्याच्याजवळ बसेल, त्याच्या खांद्यावर हात ठेवेल आणि एकदाच म्हणेल की माझे चुकले, अशी मी वाट पाहिली. छोट्याही तीच वाट पाहत होता.

दादा बसलाच नाही. उलट त्याला ती गोष्ट आवडू लागली. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, माल भरताना, जो भेटेल त्याला तो सांगू लागला की हल्ली रबरात भेसळ असते, चांगला फ्लॅप म्हणून घेतला आणि घात झाला. प्रत्येक वेळी मी आणखी फाटत गेलो. पुढे पुढे तर तो असेही म्हणू लागला की आपल्याला दुसराच घ्यायचा होता, हा छोट्याने हट्टाने घ्यायला लावला. हे तो छोट्यासमोर म्हणत असे आणि छोट्या ऐकून घेत असे.

छोट्या कामाला लागला, पण हाताला पहिल्यासारखा अंदाज येईना. फरशीची कड सरळ आहे का हे तो पूर्वीही एक डोळा मिटून बघायचा, ते अजून जमत होते. पण हातोडी किती खाली आली, फट किती राहिली, हे एका डोळ्याने कळत नाही. हातोडी बोटावर बसू लागली आणि फरशांचे कोपरे उडू लागले. एकदा अशीच कोपरा उडालेली फरशी हातात घेऊन तो पिकअपला टेकून उभा होता. दादा आला. त्याला बहुधा धीर द्यायचा होता. तो हसून म्हणाला, "अरे, तू तर काम करताना एक डोळा मिटायचासच की."

आजवर मी चिखल झेलण्यासाठी जन्मलो असे समजत होतो. हे वाक्य झेलायची ताकद माझ्यात नव्हती. छोट्याने फरशी अलगद खाली ठेवली आणि कामावर गेला.

शेवटी दादा काकांच्या दुकानात आला. या वेळी गाडी रिकामी होती आणि छोट्या पुढच्या सीटवर बसला होता, कारण मोटारसायकल आता घरीच असे. दादाने मोठ्याने तक्रार सुरू केली, की असला माल विकता आणि माणसांचे डोळे जातात. काकांनी आम्हाला उतरवले, मला वाकवून पाहिले, उजेडात धरून पाहिले. मग त्यांनी दादाला शांतपणे विचारले, "मी कापला तेव्हा गाडी भरलेली होती ना?"

दादा म्हणाला, "नाही. रिकामी होती."

पिकअपचे दार उघडले. छोट्या खाली उतरला आणि म्हणाला, "भरलेली होती, काका. मी म्हटलं होतं, उद्या येऊ."

दादाचा चेहरा लाल झाला. "तूच आईला सांगितलंस ना, रबर फाटलं म्हणून?"

"आईला सांगितलं होतं," छोट्या म्हणाला. "तुला नव्हतं सांगितलं, दादा. तुला तर माहीत होतं."

मग त्याने हौद्यातून आपली हत्यारांची पिशवी काढून खांद्याला लावली आणि तो चालू लागला. दादाने त्याला हाक मारली नाही. काकांनी नवी जोडी आकड्यावरून काढली. मी फरशीवर पडून होतो.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी माझी नीट निगा राखा असे सांगायचे असते. माझी निगा राखू नका, मला आता त्याचा उपयोग नाही. पण तुमच्या भरवशावर कोणी तुमच्या मागे येत असेल, तर आपल्या चाकाखालून काय उडते आहे ते अधूनमधून बघत जा. चुका सगळ्यांच्याच हातून होतात, मापही चुकते. आणि कोणी माया करून तुमची चूक पोटात घातली, तर तिथेच हात जोडा. आपण चुकलोच नाही असे मानून मोकळे होऊ नका.

दादाच्या पिकअपला त्या दिवशी नवे फ्लॅप बसले. माप रिकाम्या गाडीवर घेतले, साखळीही लावली. आता तिच्या मागून येणाऱ्याला साधा खडाही लागायचा नाही. फक्त मागून येणारे आता कोणी नाही.