फक्त धाकटा

शनिवारी सकाळी व्हर्नन तव्यावर पॅनकेक उलटत होता आणि त्याची बायको लोरेटा टेबलावर दोन फाइली उघडून बसली होती. एक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी कार्यालयाची, दुसरी मुलं दत्तक मिळवून देणाऱ्या खासगी एजन्सीची. पंधरा वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. कोर्टाने आईबापांपासून काढून घेतलेली मुलं अमेरिकेतल्या त्यांच्या ओहायो राज्यात काही कमी नव्हती. प्रश्न एवढाच होता, मूल कोणाच्या दारातून आणायचं.

"काउंटीच्या डिलर्डबाईंनी तोंडावर सांगितलं," व्हर्नन म्हणाला. "टोबी तीन वर्षांचा, त्याची बहीण रेनी बारा वर्षांची. न्यायचं तर दोघांना न्या."

"बारा वर्षांची घोडी आपली होते का कधी? तिला सगळं आठवत असणार."

"आठवू दे की!"

"तुला काय जातंय बोलायला? दिवसभर घरात मी असणार."

एजन्सीचा कारभार गुळगुळीत होता. तिच्या अर्जात वय, रंग, आजार, भावंडं असे रकाने होते, आणि प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'. पडद्याचं कापड निवडताना आपण विचारतो त्यापेक्षा हे काही वेगळं नव्हतं, पण तिथल्या बाईने ते फार मायेने सांगितलं होतं, "झेपेल तेवढंच घ्या हो, उगीच मनाविरुद्ध नको." भावंडांपुढे लोरेटाने 'नाही'वर खूण केली. व्हर्ननने ती पाहिली आणि मुकाट्याने सही केली. त्याचाही दोष तेवढाच.

एजन्सीने एकट्या टोबीची मागणी काउंटीकडे पाठवली, तेव्हा डिलर्डबाई बैठकीत भांडल्या. त्यांचे वरचे साहेब म्हणाले, दोघं ताटकळण्यापेक्षा एकाचं तरी भलं होऊ द्या. मे महिन्यात टोबी आला, एकटाच.

पोरगं गुणी होतं. पण प्रत्येक जेवणाचे दोन वाटे करायचं आणि अर्धा ताटाच्या कडेला सारून सांगायचं, "हे रेनीचं." लोरेटा ते गुपचूप कचऱ्यात टाकायची. एकदा टोबीने पाहिलं. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्याचा अर्धा भाग त्याने उशीखाली लपवला. तो सापडला तेव्हा लोरेटा त्याच्या खाटेवर बसून ओक्साबोक्शी रडली आणि तशीच गाडी काढून काउंटीच्या कार्यालयात गेली.

"मला रेनीही हवी."

डिलर्डबाईंनी चष्मा काढला. "बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची आपल्याकडे संमती लागते. तिलाच विचारा."

त्यांनी दोन दिवसांनी भेट ठरवली. रेनी आली ती सरळ समोर बसली.

"टोबी जेवतो का?"

"जेवतो. अर्धं तुझ्यासाठी ठेवतो."

"मीच लावलीय सवय. आमच्याकडे असायचंच तेवढं. सांगा त्याला, रेनीचं पोट भरलंय."

"तूच येऊन सांग. आमच्याकडे राहायला ये."

"आधी नको होते ना मी?"

"चुकलं माझं, बाळा."

"चुकलं नाही. तीन घरांतून परत पाठवलंय मला. मी आले, मग तुमचं माझ्याशी बिनसलं, की आम्हा दोघांनाही काढाल. तो एकटा असला तर टिकेल. मी नाही म्हणते, लिहून घ्या."

बारा वर्षांच्या पोरीने केलेला हा हिशोब ऐकून लोरेटाच्या काळजाला घरं पडली. 

"निदान रविवारी त्याला भेटायला आणते. आणि दर वेळी तुला विचारते."

"विचारा. सगळे दोन रविवार येतात."

आज सतरावा रविवार. रेनी राहते तिथल्या अंगणात टोबी आणि ती झोके घेताहेत. लोरेटाने आजही विचारलं, आणि रेनी आजही नाहीच म्हणाली. लोरेटा तिला बोल लावत नाही. बोल लावायचा तर तो आपल्याला लावायला हवा, मूल हवं म्हणताना आधी काय नको ते सांगणाऱ्या आपल्या सगळ्यांना.