निळ्या कापडाची गाठ

आमच्या कारखान्याची जागा कुणी निवडली ते मला ठाऊक नाही, पण निवडणारा माणूस आधी पाण्यात हात बुडवून बघणारा असणार. आमच्या नदीचं पाणी इतकं मऊ की साबण एकदा फिरवला तर फेस आवरता आवरत नाही. कापड रंगवायला असंच पाणी लागतं. नदी होती, कोळसा आणणारी रेल्वे शेजारून जात होती आणि पडेल ते काम करणारी माणसं पलीकडच्या वस्तीत राहत होती. झालं, कारखाना उभा राहिला. मी तिथे तीस वर्षं आहे, त्यातली अठरा रंगखात्याचा मास्तर म्हणून. गणवेशाचा गर्द निळा ही आमची ओळख.

आता रेल्वेचा तो फाटा उखडला गेलाय. आमच्या गल्लीत मोठा ट्रक वळत नाही, शिरला तर त्याला मागे मागे काढताना निम्मी गल्ली बाहेर येऊन सल्ले देते. आणि शहर वाढता वाढता कारखान्याच्या भिंतीला येऊन टेकलं, त्यामुळे आत विणल्या जाणाऱ्या कापडापेक्षा खालच्या जमिनीलाच जास्त भाव आला. मालकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला, पण आलं.

मग एक साहेब यायला लागले. कारखाना कुठे असावा हे ठरवणं एवढंच त्यांचं काम. आम्ही त्यांना जागेवाले साहेब म्हणायचो. चाळिशीच्या आतला माणूस, बूट कायम धुळीने माखलेले, हातात वही. त्या वहीत त्यांनी एक नवी जागा शोधून ठेवली होती. रुंद रस्ता आहे, बंदर अर्ध्या दिवसावर, वीज स्वस्त, काही वर्षं कर माफ, काम मागणारी माणसं भरपूर. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. फक्त पाण्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि ते पुसायला त्यांना मी हवा होतो.

"मास्तर, तिथलं पाणी जमिनीखालचं आहे, जरा जड आहे," ते म्हणाले. "पाणी मऊ करायची वेगळी यंत्रणा बसवायची म्हटली तर सगळं गणित कोलमडतं. आहे त्या पाण्यात तुमचा निळा येतो का, एवढंच बघून द्या."

"आणि नाही आला तर?"

"तर ती जागा रद्द. मालक म्हणालेत, मग इथेच डागडुजी करून चालवू. त्यांनाही आता या शोधाशोधीचा कंटाळा आलाय."

म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं होतं. निळा आला तर आमचा कारखाना बंद. मला तिकडे सहा महिने शिकवायला ठेवतील, नंतर नारळ. बायको घडीखात्यात आहे, बावीस वर्षं, कापड तपासून सही तीच करते. तिकडे तपासणी आणि घडी दोन्ही यंत्रं करणार, त्यामुळे तिच्या टेबलावरच्या एकीलाही बोलावणं नाही. राहती खोली कंपनीची, तीही गेली.

बायकोने माझी पिशवी भरताना एकच सांगितलं. "उन्हाळ्यातलं ते कुणाला सांगू नका."

उन्हाळ्यातलं ते म्हणजे असं. नदी आटली की दोन महिने आमचंही पाणी जड होतं. तेव्हा आम्ही ते आधी खळखळून उकळतो, मग निवांत ठेवतो. पांढरी भुकटी खाली बसते, वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं आणि त्यात रंग करायचा. मला हे माझ्या आधीच्या थोरल्या मास्तरांनी शिकवलं आणि ते आता कुणालाच ओळखत नाहीत. खात्यातल्या मदतनिसांना वाटतं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची एक लहर. कागदावर हे कुठेच नाही. आणि बॉयलरची वाफ वाया जातच असते, त्यामुळे उकळायला वेगळा खर्चही नाही.

"मी कशाला सांगू?" मी म्हणालो. "मी काहीच करणार नाही. जे करायचं ते पाणीच करेल."

"तेच म्हणते मी. नुसते जा आणि या. नाहीतर तुम्हाला कुठे काही बिघडलेलं दिसलं की हात शिवशिवतात."

नवी जागा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, चारी बाजूंना मोकळं माळरान आणि त्यातून गेलेला नवाकोरा रस्ता, इतका रुंद की ओलांडताना दमायला होत होतं. शेडमध्ये एक शेगडी, दोन मोठी पातेली, माझ्या रंगाचे डबे आणि सुकवायला दोरी. पाण्याच्या पंपावर एक बाई होती, माझ्याच वयाची. पंप चालू करायची, झाडायची, चहा द्यायची. चहावर पांढरा तवंग यायचा. पहिल्याच घोटाला मला कळलं की इथे निळा येणार नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पहिला नमुना रंगवला. निळा आला, पण राख मिसळल्यासारखा, वर ठिपके. दुसऱ्या दिवशी रंग वाढवून पुन्हा केला, तसाच. मी दोन्ही वेळा सगळं अगदी नियमाने केलं होतं, सोडा तोलून, मीठ तोलून. साहेबांनी दोन्ही तुकडे दोरीवर टांगले, लांबून बघितले, जवळून बघितले. मग एकेकाला चिठ्ठी लावली. कामाला लागल्यापासून हा माणूस अकरा जागा फिरला होता. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी बूट काढून पाय चोळले.

"संपलं मग," ते म्हणाले. "पाणी अयोग्य, असं लिहितो. उद्या दुपारी गाडी येईल. सकाळी मी जमीनवाल्यांना तोंड दाखवून येतो, तुम्ही आराम करा."

हा आराम नडला.

सकाळी शेडमध्ये मी आणि पंपावरची बाई दोघंच. ती दोरीखाली उभी राहून ते दोन तुकडे बघत होती.

"म्हणजे मास्तर, खोट आमच्या पाण्यातच निघाली."

"खोट नाही हो, जड आहे इतकंच."

"आम्ही जन्मभर हेच पितोय." ती झाडू टेकून उभी राहिली. "आधी तीन जण येऊन गेले. एक म्हणाला रस्ता अरुंद. रस्ता झाला. दुसरा म्हणाला वीज पुरत नाही. वीज आली. तिसरा काही न सांगताच गेला. तुम्ही म्हणता पाणी. आता पाणी कुठून आणायचं दुसरं? माझी सून रोज विचारते, नावं कधी लिहून घेणार म्हणून."

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. मी दोरीजवळ गेलो. तिच्याकडे बघायचं टाळावं म्हणून गेलो, आणि माझी नजर चिठ्ठीवर पडली. साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: रंग मास्तरांचा, पाणी इथलं. खाली तारीख.

तो तुकडा मुख्य कचेरीत जाणार होता. कपाटात पडून राहणार होता. माझ्यानंतरही कुणी कपाट उघडलं की हा भिकार, डागाळलेला निळा बाहेर निघणार आणि त्यावर माझं नाव. अठरा वर्षांत असलं कापड माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. मी त्या बाईच्या सुनेसाठी शेगडी पेटवली असं सांगायला आवडलं असतं. पण मी ती त्या चिठ्ठीमुळे पेटवली.

मनाशी म्हटलं, नुसतं बघू. येतो का बघू आणि फाडून टाकू. गाडीला अजून चार तास आहेत.

पाणी खळखळून उकळलं, उतरवलं, निवत ठेवलं. बाई बाजूला बसून बघत होती. पातेल्याच्या तळाशी पांढरं साचलं तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, हे इतकं सगळं आमच्या पोटात जातं?" मी वरचं पाणी दुसऱ्या पातेल्यात घेतलं, रंग कालवला, कापड सोडलं आणि काठीने हलवत राहिलो. पाठ दुखत होती, गुडघे बोलत होते, पण हात ऐकत नव्हते. मीठ, मग सोडा, मग थांबायचं. कापड वर काढून धुतलं आणि उजेडात धरलं.

आमचाच निळा. तसूभरही फरक नाही. मला इतका आनंद झाला की मी त्या परक्या बाईला म्हणालो, "बघा, बघा कसा आलाय!" तीही हसली. कापड दोरीवर टाकलं आणि मी हात धुवायला पंपावर गेलो. निळा हातावरून लवकर जात नाही, त्यात तिथल्या पाण्यात साबणाला फेस येईना. घासत बसलो. घासता घासता आठवलं की आपल्याला तो तुकडा फाडायचा आहे.

परत आलो तर साहेब दोरीपाशी उभे. लवकर आले होते. त्यांनी कापडाचा कोपरा चिमटीत धरला होता.

आमच्या रंगखात्यात एक पद्धत आहे. कापड मनासारखं उतरलं की मास्तर त्याच्या कोपऱ्यात पांढरा दोरा ओवून दुहेरी गाठ मारतो. ती गाठ नसेल तर घडीखातं ते कापड हातातही घेत नाही. कागद, शिक्के हे सगळं नंतर. दोरा आणि सुई माझ्या खिशात कायम असतात.

त्या कोपऱ्यात गाठ होती. मी ती कधी मारली ते मला अजूनही आठवत नाही.

"मास्तर," साहेब हळूच म्हणाले, "ही तुमची गाठ आहे."

"चुकून मारली गेली."

"अठरा वर्षांत कधी चुकून मारलीत?"

'हो' म्हणायला काय जात होतं? एक अक्षर. पण मी म्हणालो, "नाही." ते तोंडातून निघूनच गेलं, आणि मग कसा आणलात विचारल्यावर तेही सांगावं लागलं. साहेबांनी वहीत प्रश्नचिन्हावर काट मारली आणि शेजारी बरोबरची खूण केली. त्यांना आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. बारावी जागा शोधावी लागणार नाही, एवढंच बहुतेक त्यांच्या मनात असावं. पंपावरच्या बाईने मात्र त्या दिवशी मला दोनदा चहा दिला, दुसरा उकळून गाळलेल्या पाण्याचा.

घरी पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, "काय झालं?"

"बघू," मी म्हणालो आणि आडवा झालो. तीस वर्षांचा शीण एकदम आल्यासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो, तोंड बंद ठेवलं. संध्याकाळी घरी आलो तर ती आधीच आलेली, चप्पल घातलेल्या पायांनीच पलंगावर बसलेली. ती घरात कधी चप्पल घालत नाही.

"आज टेबलावर एक तुकडा आला," ती म्हणाली. "हातभर. साहेबांनी पाठवला होता. तपासणीची सही असल्याशिवाय मालकांकडे नेता येत नाही म्हणे."

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"गाठ बघितली आणि कळलं मला." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मी म्हटलं होतं तुम्हाला, हात शिवशिवतील."

"चुकलो मी."

"मी तो खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला. ताणून बघितला. म्हटलं एक डाग सापडू दे, एक धागा फिका निघू दे, लगेच नापासचा शिक्का मारते. सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. अर्धा तास शोधत होते मी."

"मग?"

तिने चप्पल काढून दारापाशी ठेवली, एकीशेजारी एक, नीट.

"डाग कुठे होता?" ती म्हणाली. "सही केली मी."