आगळ घातलेली माती

घाण मला सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. आणि नोकरी मिळाली ती मातीत. शिरोड्याच्या घरी भांड्याला मासळीचा जरासा वास राहिला तरी पुन्हा राखेने घासणारी मी. इथे कणकवलीत, सह्यपायथा बागायत संघाच्या दोन खोल्यांत, लोकांनी फडक्यात बांधून आणलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची. एखाद्या पिशवीतून गोम निघे, एखादीतून कोंबडीची शीट. त्यात आमचे चिटणीस जयरामभाऊ माझी काचेची दांडी उचलून चहात साखर ढवळायचे आणि न धुता परत जागेवर ठेवायचे. सांगून थकले. शेवटी दांडी मी पर्समध्ये ठेवायला लागले.

१९८६ च्या मे महिन्यात संघाने काजूची कलमं फुकट वाटायचं ठरवलं. अट एवढीच की जमीन डोंगरउताराची, आंबट आणि निचऱ्याची हवी. आमच्या यंत्रावर सात म्हणजे माती आंबट नाही आणि खारीही नाही. साताच्या खाली जाईल तशी आंबट. डोंगरातली रानमाती पाच-साडेपाच दाखवते, कारण पावसाळाभर पाणी तिच्यातून पळत असतं आणि असेल नसेल तो चुना धुऊन नेतं. भाताला ती नको असते, काजूला चालते. साडेचार ते सहा आकडा आला की पात्र, नाहीतर नाव बाद. पात्र लोकांची यादी एकतीस मेपर्यंत वर पाठवायची होती.

पहिल्याच आठवड्यात राधाबाई आली. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली, पन्नाशीची, विधवा. रानाखालचा उतार नवऱ्यामागे तिच्या वाट्याला आला होता. तिचा दीर शिवा लाकूडवाल्याशी बोलून बसला होता. कलमं मिळाली तर मधल्या मोकळ्या जागेत काजू लावायचा आणि झाडं राखायची. नाही मिळाली तर पावसाआधी सगळी तोडायची, असं घरात ठरलं होतं. हे तिने दारातच सांगितलं आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

पिशवी उघडली आणि मला ओकारीच आली. शेणाचा वास. माती काळी, मऊ, मैद्यासारखी चाळलेली. आकडा आला सात पूर्णांक चार.

"ही उतारावरची माती?" मी विचारलं.

"नाय ओ बाई. थयली माती कसली, लाल खडे नि पाचोळो. तुमका दाखवक लाज येता. ही गोठ्यामागली. दोनदा चाळान आणलंय." आणि वर मलाच समजावते, "चेडू बघूक येतत तेव्हा तेका फाटक्या लुगड्यात भायर हाडतत काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पिशवीला हात लावायचीसुद्धा इच्छा होईना. पट्टीने ढकलून मी ती तिच्यापुढे सारली. "इथे शहाणपणा करू नका. माती आंबट हवी. आंबट! कळलं? नाहीतर कलमं विसरा." एवढंच बोलले. कुठे खणायचं, किती खोल खणायचं, चार ठिकाणची माती कशी एकत्र करायची, यातलं एक अक्षर नाही. ते सांगायचं तर त्या वासात आणखी पाच मिनिटं बसावं लागलं असतं. तिने मान डोलावली आणि पिशवी बांधली.

आठ दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर तिची दुसरी पिशवी आली. ओली. तळातून लाल पाणी झिरपत होतं. ते टेबलावर पसरलं, नोंदवहीच्या पानावर गेलं, माझ्या साडीच्या निऱ्यांवर ठिबकलं. मुंग्या तर पिशवीबरोबरच आल्या होत्या. नाक जवळ न्यायचीही गरज नव्हती, कोकमाचं आगळ होतं ते, सारात घालतात तो आंबट रस. बाईने मातीत आगळ कालवलं होतं. मला इतकी शिसारी आली की हसूही फुटलं नाही. यंत्र लावलं, तीन पूर्णांक एक. आकडा लिहिला, सही ठोकली. पुढे शेऱ्याचा रकाना होता. नमुना बाद, पुन्हा मागवा, एवढं लिहायचं होतं. नाही लिहिलं. मनात म्हटलं, भोगा आता. पिशवी गटारात फेकली आणि साबणाने तीनदा हात धुतले.

बुधवारी सकाळी राधाबाई स्वतः दारात उभी.

"झाली मा बाई आंबट?"

चेहऱ्यावर काय आनंद होता तिच्या. "वर्साचा आगळ सगळा घातलंय. आता घरात सार करूक थेंब नाय. पण म्हटलंय, ऱ्हवांदे. रान ऱ्हवता ता बरा."

मी तोंड उघडलं ते तिला झापायला, पण विचारलं ते वाडीकडे गाडी कधी आहे. मला चीड आली ती साडीवरच्या डागाची नव्हती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर दुपारच्या गाडीत बसले.

उतार चढताना चपला दोनदा निसटल्या. वर ऐन, किंजळ, हिरडा. कितीतरी खोडांवर गेरूचे ताजे पट्टे मारलेले. लाकूडवाल्याचा माणूस आधीच येऊन गेला होता. मी पाचोळा बाजूला केला आणि चार ठिकाणी हातभर खणलं. वर दोन बोटं काळसर थर, तोही पानांच्या कुजीचा. त्याखाली लालभडक, रवाळ, खड्यांची माती. राधाबाईच्या तांब्यातलं पाणी ओतलं तर बघता बघता गायब. या मातीची सगळी श्रीमंती त्या दोन बोटांत, आणि ती दोन बोटं झाडांनी धरून ठेवलेली. झाडं गेली की एका पावसात ओढ्याला जाणार. राधाबाई लांब बसली होती, पदर तोंडाशी धरून, घरातली अडगळ पाहुण्याने बघावी तशी अवघडून. माझ्या नखांत माती गेली होती आणि मी हात पुसले नव्हते, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

गुरुवारी तिथून आणलेली माती पंख्याखाली वाळवली, चाळली, पाण्यात घालून दांडीने ढवळली. पाच पूर्णांक दोन. मी कागद घेऊन जयरामभाऊंकडे धावले. ते माचिसच्या काडीने दात कोरत होते.

"यादी काल दुपारी गेली की," ते म्हणाले. "एकतीस तारखेपर्यंत कशाला थांबायचं? राधाबाई ना? तीन पूर्णांक एक. बाद. तुमचाच आकडा आहे, सुनीतीबाई. शेरा काही नव्हता."

"तो नमुना खराब होता."

"मग लिहायचं होतं. आता कलमं मोजून झाली, नावं छापायला गेली." काडीचं टोक बघून त्यांनी ती माझ्या टेबलाखाली टाकली. "मातीसाठी एवढा जीव कशाला काढता?"

मी भांडले. वर पत्र लिहीन म्हटलं, लिहिलंही. त्या माणसाची मला किळस येत होती, पण त्याच्या हातात माझी नोंदवही होती आणि तो खोटं बोलत नव्हता.

शनिवारी राधाबाई आली. नाव यादीत नाही, हे तिला वाडीतच कळलं होतं. सोमवारी तोड सुरू होणार होती. रडली नाही, भांडली नाही. खुर्ची दिली तर उभीच राहिली.

"तुमी आता खरी माती बघलात मा, बाई? कशी आसा ती?"

कचेरीत मी कधी मालवणी बोलत नाही. त्या दिवशी तोंडातून तीच आली. "बरी आसा, राधाबाई. एकदम बरी."

"काजूक चलता?"

"चलता."

"मगे?"

मी नोंदवही काढली. कोकमाचा डाग पडलेलं पान तिच्यासमोर धरलं आणि तीन पूर्णांक एकवर बोट ठेवलं, मग रिकाम्या रकान्यावर, मग माझ्या सहीवर. ती पानाकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. तिला वाचता येत नव्हतं. मला ते तोंडाने सांगावं लागलं.