ओळीखालचा आकडा

माझी बायको गेली त्या दिवशी मी आवारात एका आजोबांच्या थडग्याचा दगड घासत होतो. पाण्याचा पाइप चालू होता, म्हणून फाटक वाजलेलं ऐकू आलं नाही. मान वर केली तर समोर भोंगा उभी. ही माझ्या बायकोबरोबर धुलाईच्या कारखान्यात काम करायची. यंत्रांच्या गोंगाटातही तिचं बोलणं पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचतं, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणतात. त्या दिवशी तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता. त्यावरूनच मला काय ते कळलं.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "आधी तो पाइप बंद करा."

मी बंद केला.

इस्त्री करता करता बायको खाली बसली, ती उठलीच नाही. बायकांनी तिला चादरीत उचलून बाहेर नेलं. दार ढकलल्याबरोबर उघडलं, जराही वेळ गेला नाही, असं भोंगा मला परत परत सांगत होती. पण हृदयच बंद पडलं होतं. दार उघडून काही उपयोग झाला नाही.

त्या दाराबद्दल सांगायला हवं. कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात. चादरी चोरीला जातात म्हणून मालक कामाची पाळी सुरू झाली की बाहेरून कुलूप घालायचा. एकदा आत धूर झाला आणि किल्ली सापडेपर्यंत बायका दारावर थापा मारत राहिल्या. माझ्या बायकोनं सगळ्यांना गोळा केलं आणि कामगार कचेरी गाठली. खेपा घालून घालून चपला झिजल्या, पण ढकलली की दार आतून उघडेल अशी पट्टी बसली.

मालक आमच्याच चर्चचा. पंचांमध्ये बसतो, दर रविवारी पुढच्या बाकावर. त्यानं तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू तर शास्त्र वाचणारी बाई. चाकरानं धन्याच्या आज्ञेत राहावं, हे वाचलं नाहीस का?"

"वाचलंय ना," ती म्हणाली. "कोणी कोणाला कोंडू नये, हेही वाचलंय. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल."

घरी आल्यावर मी म्हटलं, "अगं, पट्टी कचेरीनं बसवली. त्यात देवाला कशाला ओढतेस?"

"आणि कचेरीला कुठून सुचलं?"

"माणसं भांडली, म्हणून सुचलं."

"आणि आपण भांडावं एवढी आपली किंमत आहे, हे माणसांना कोणी सांगितलं?"

हा वाद आमचा आयुष्यभर चालला. भाजी निवडताना, गादी उन्हात टाकताना, कधीही. माझं म्हणणं, माणसाचे हक्क माणसांनी मार खाऊन मिळवले, आणि मारणाऱ्यांच्या हातातही पुष्कळदा तेच शास्त्र होतं. ती म्हणायची, मार खाणाऱ्यांच्या हातात काय होतं तेही बघा. मग म्हणायची, "एका जागी अगदी स्पष्ट आहे. दाखवीन कधीतरी. आत्ता दाखवलं तर तुम्ही भांडणार कशावर?" आणि मला चहा टाकायला लावायची. पट्टी बसली त्या संध्याकाळी तिनं सांगून ठेवलं, "माझ्या दगडावर एवढंच घाला. कोणी कोणाला कोंडू नये. आणि खाली आकडा."

आकडा म्हणजे शास्त्रातल्या, आमच्या बायबलातल्या, अध्यायाचा आणि वचनाचा. आमच्या दफनभूमीचा नियम आहे, दगडावरची ओळ शास्त्रातली हवी, निदान शास्त्राला धरून हवी, आणि तिच्याखाली आकडा हवा. माझा धंदाच हा असल्यानं असे आकडे मी पुष्कळ कोरलेत. लग्नानंतर सुरुवातीला एका म्हातारबुवांच्या दगडावर चुकीचा आकडा मारला. शांतीचं वचन हवं होतं. त्या आकड्याचं वचन काढून बघितलं तर त्यात तंबूच्या पडद्यांची मापं निघाली. ती पोट धरून हसली. म्हणाली, "बिचारे वर जाऊन कनात शिवत बसतील." तेव्हापासून आमचा रिवाज पडला. मी पेन्सिलीनं आकडा आखायचा, तिनं आवारातल्या खोक्यावर बसून वचन काढून मोठ्यानं वाचायचं, आणि म्हणायचं, "हं, मारा." मग मी छिन्नी लावायची. दगडावरचं पुसता येत नाही. तिच्या 'मारा'शिवाय मी एकही आकडा मारला नाही.

माती झाल्यावर मी ओळ मंजूर करून घ्यायला पंचांकडे गेलो. मालकानं ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"मिस्त्री, तुमचं दुःख मी समजतो. पण दगडावर माझ्याविरुद्ध घोषणा लिहिणार का?"

"यात तुमचं नाव कुठे आहे?"

"नाव लिहायची गरज आहे का? सगळ्या गावाला माहीत आहे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "शास्त्राला धरून असेल तर मी मध्ये येणार नाही. आकडा सांगा. तोपर्यंत दगड उभा राहणार नाही."

आकडा मला माहीत नव्हता. जन्मभर ज्या बाजूनं मी कधी बोललो नाही, त्या बाजूचा पुरावा आता मलाच शोधायचा होता.

पाळकसाहेब चर्चमागच्या खोलीत बसतात. भला माणूस. त्यांनी टेबलावरची सगळी पुस्तकं बाजूला सारली आणि आम्ही शोधत बसलो.

"देवानं माणूस स्वतःसारखा घडवला, ते घालू या," ते म्हणाले. "सगळं तिथूनच निघतं."

"निघतं का? मग त्या पळून आलेल्या गुलामाला प्रेषितानं धन्याकडे परत का पाठवलं?"

"भाऊ समजून घे असं सांगून पाठवलं."

"सोडून दे असं सांगितलं का?"

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "नाही. तेवढ्या शब्दांत नाही. मिस्त्री, हे सगळं शास्त्रातूनच आलं असं मी रविवारी सांगतो, आणि मनापासून सांगतो. पण बोट ठेवायचं म्हटलं की जागा सापडत नाही."

"तुम्हाला निदान बोटच ठेवायचंय," मी म्हटलं. "मला कोरायचंय."

ते हसले. मलाही हसू आलं, आणि घरी जाऊन हे कोणाला सांगू असं वाटलं, तिथेच हसू संपलं.

जागा शेवटी भोंगानं सांगितली. डबा परत न्यायला आली होती.

"अहो भाऊजी, जेवणाच्या सुट्टीत ती नेहमी एकच गोष्ट सांगायची. तुरुंगाची. मला विचारायचं तरी!"

मी ती गोष्ट काढून वाचली. त्याच प्रेषिताला आणि त्याच्या सोबत्याला चौकशी न करता फटके मारून कोंडतात. रात्री भूकंप होतो, सगळी दारं उघडतात, सगळ्यांच्या बेड्या गळून पडतात. तरी ते पळत नाहीत. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात, गुपचूप निघून जा. तेव्हा प्रेषित अडून बसतो. आम्ही इथल्या राज्याचे नागरिक आहोत, चौकशीशिवाय आम्हाला मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. आणि अधिकारी घाबरून येतात.

हीच तिची जागा. वाचताना तिचा आवाजच ऐकू आला. मी पेन्सिल घेतली आणि तिथेच अडलो. गोष्ट एक, पण वचनं दोन. एकात देव दार उघडतो. दुसऱ्यात माणूस आपला हक्क मागतो, आणि तोही देवाच्या नावानं नाही, नागरिक म्हणून. यातलं तिचं कोणतं? पहिलं असेल तर जन्मभराच्या वादात ती बरोबर. दुसरं असेल तर ती मला दाखवणार होती ते माझंच म्हणणं होतं, आणि ती मनात हसत असणार. शिवाय जो नागरिक नव्हता, त्याला मारलेले फटके चालले असते का? याचंही उत्तर तिच्याकडे असणार.

भोंगाला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही जेवत होतो हो, वचनं कोण मोजतंय!"

पाळकसाहेब म्हणाले, "दोन्ही घाला. पंच मान्य करतील."

"ती 'एका जागी' असं म्हणाली होती."

"मग मी खोक्यावर बसतो. मी वाचतो, तुम्ही मारा."

ते खरंच आले, बसले, दोन्ही वचनं नीट वाचली. माझा हात उठला नाही. त्यांना ते कळलं असावं. खोकं जागेवर ठेवून ते गेले.

दगड आवारात भिंतीला टेकून आहे. तिचं नाव झालं, सालं झाली, ओळ झाली. त्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. तिकडे दफनभूमीत तिच्या मातीवर अजून खुणेची लाकडाची खुंटी आहे. आकडा कोरायचा राहिला आहे.