लांबची गाडी

"लालबागला भायखळ्याची गाडी?" शेवंतानं फोनवर हात ठेवून विचारलं. "परळची जवळ उभी आहे, मॅडम."

"भायखळ्याचीच पाठव," बकुळा म्हणाली. टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती.

रुग्णवाहिकांच्या या कक्षात बारा वर्षं एकच नियम चालत आला होता: जवळची गाडी आधी. कॉम्प्युटरसाठी तो बकुळानंच लिहिलेला, आणि तिला त्याचा अभिमानही होता. पण जिवावरच्या दुखण्याला गाडी उशिरा पोचते, हे आता लपत नव्हतं. शेवटी तिनं एक वेगळाच प्रोग्रॅम लिहिला. तो तिच्या नियमात बारीकसारीक बदल करी, प्रत्येक बदल तीन वर्षांत आलेल्या फोनांच्या नोंदींवर चालवून पाही, सरस ठरेल तो ठेवी आणि त्यातच पुन्हा बदल करी. आठवड्याभरात त्यानं सत्तर हजार नियम पारखले. हाती आलेला नियम तिला आधी चुकलेलाच वाटला. तीन दिवस ती तो ओळ न् ओळ वाचत बसली, तेव्हा कुठे उमगलं. दुखणं साधं असेल तर तो लांबची गाडी धाडायचा आणि जिथून जास्त फोन येतात तिथली गाडी जिवावरच्या दुखण्यासाठी राखून ठेवायचा.

आज पहिला दिवस. लालबागच्या माणसाचा पाय मुरगळला होता. तो चिडला, पण थांबू शकत होता.

सहाव्या मिनिटाला परळहून फोन आला. छातीत कळ, माणूस घामाघूम. शेवंतानं काही न विचारता परळची गाडी सोडली. तिसऱ्या मिनिटाला गाडी त्याच्या दारात होती. संध्याकाळी हॉस्पिटलनं कळवलं, माणूस वाचला. शेवंता जागेवरून उठली आणि तिनं बकुळाचा हात हातात घेतला.

नायगावच्या चाळीत बकुळाचे वडील, विठोबा, दारातच बसले होते. ब्याऐंशीच्या संपात त्यांचं गिरणीतलं मागावरचं काम सुटलं आणि पुढे नव्या मशीनांमुळे ते कायमचंच गेलं; तेव्हापासून मशीन म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. बकुळानं पेढे पुढे केले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मशीननं तुझा नियम मोडीत काढला?"

"हो."

"मग आता तुला घरी बसवणार?"

"नाही, बाबा. नवा नियम शोधायला त्या मशीनला मीच शिकवलंय."

विठोबांनी तिच्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला, पायात चपला सरकवल्या आणि पेढे वाटायला गॅलरीतलं शेजाऱ्यांचं पहिलं दार ठोठावलं.